सजावट नुसती दिखाऊ नव्हती

व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या, पबमधली कलाकुसर म्हणजे निव्वळ श्रीमंतीचा देखावा, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा क्राउन बारच घ्या. १८८५ च्या सुमारास त्याला आजचं रूप आलं. चर्चच्या कामासाठी आलेल्या इटालियन कारागिरांनी फावल्या वेळात इथल्या टाइल्स, काचा, लाकूडकाम केलं, असं सांगतात.

पण खरं बघावं ते बारसमोरचे दहा स्नग, म्हणजे दार लावून घेता येणारे कोरीव लाकडी कप्पे. भिंती इतक्या उंच की आत बसलेला माणूस बाहेर दिसत नाही. आत काडेपेटीची काडी पेटवायला धातूची पट्टी, वेटरला बोलवायला घंटीची सोय. चारचौघांत पिताना दिसणं ज्यांना जड जायचं, त्यांच्यासाठी हा आडोसा होता. दर्शनी खिडक्यांच्या रंगीत काचाही तेच करतात: उजेड आत येतो, रस्त्यावरची नजर येत नाही.

उत्तर आयर्लंडमधल्या हिंसक संघर्षाच्या काळात समोरच्या युरोपा हॉटेलवर वारंवार बॉम्बहल्ले व्हायचे, त्यात क्राउनलाही झळ बसली. १९७८ मध्ये नॅशनल ट्रस्टने, म्हणजे वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेने, तो विकत घेऊन नीट दुरुस्त केला, हे फार चांगलं झालं. गॅसचे दिवेसुद्धा राखलेत.