शब्दचर्चा : गर्भपात ‘झाला’ की ‘केला’? आणि पोटातल्या बाळाला म्हणायचं काय?

नाशिकरोडकर :
नमस्कार मंडळी. चार ओळींच्या एका पत्रकावर आठ दिवस अडकलोय म्हणून इथे लिहितोय. आम्ही कॅथलिक, मूळ संगमनेरकडचे, घरात मराठीच बोलतो. २५ मार्चला आमच्यात देवदूताने मरीयेला निरोप दिला त्याचा सण असतो, नाताळाच्या बरोब्बर नऊ महिने आधी, म्हणजे येशू त्या दिवसापासून आईच्या पोटात असा सरळ हिशेब. त्या संध्याकाळी आम्ही दहा-बारा घरं मिळून पोटातल्या बाळांसाठी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतो आणि यंदा मराठी पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. हातात नमुना इंग्रजीतला, त्यात ‘अबॉर्शन’ आणि ‘अनबॉर्न’ हे दोन शब्द, आणि मी दोन्हीपाशी थांबलोय.

अबॉर्शनला गर्भपात, असं कुणीही म्हणेल. पण पात म्हणजे पडणं. हिमपात, उल्कापात, अश्रुपात, सगळं आपोआप पडणारं, पाडणारा कुणी नाही. मग जे ठरवून केलं जातं त्यालाही तोच शब्द कसा?

हे मी उगाच कीस काढत नाहीये. माझ्या धाकट्या बहिणीचं तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं. पोटातच ठोके थांबले होते. दोन वर्षं वाट पाहून, हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत नवस बोलून राहिलेलं ते बाळ होतं. दवाखान्यातून घरी आली तर डिस्चार्ज कार्डावर ‘मिस्ड अबॉर्शन’, खाली डी अँड सी, म्हणजे पिशवी साफ केल्याची नोंद. सासूबाईंनी शेजारच्या कॉलेजातल्या पोराकडून कार्ड वाचून घेतलं, तो म्हणाला अबॉर्शन म्हणजे गर्भपात केलाय. झालं. त्या रात्री त्या तिला म्हणाल्या, तू पाडलंस? ती तीन दिवस जेवली नाही, आणि मला सगळ्यात लागलं ते हे की रविवारी ती पापकबुलीला जाऊन बसली, जे तिने केलंच नव्हतं त्यासाठी. फादर म्हणाले, बाळा, यात कबूल करण्यासारखं काहीच नाही, तुझं बाळ गेलंय, आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू. एका शब्दाने एवढं केलं. म्हणून विचारतोय, मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत की नाहीत?

सिन्नरचा_शेतकरी :
दादा, वाचून वाईट वाटलं. आहेत की शब्द, फक्त कागदावर येत नाहीत. आमच्याकडे गाय गाभण राहते आणि मुदतीआधी गेलं तर म्हणतात गाय गाभडली किंवा गाभ टाकला. बायकांच्या बाबतीत माझी आजी पोट पडलं आणि पोट पाडलं असं वेगवेगळं बोलायची, प ला काना लागला की सगळा अर्थ फिरतो, आणि ऐकणाऱ्या बाईला आपोआप कळायचं की रडायला जायचं की गप बसायचं.

सुश्रुतप्रेमी :
पडणे आणि पाडणे, बरोबर पकडलंत. मराठी क्रियापदात ही सोय आहेच, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, मरणे-मारणे. संस्कृत ‘पात’मध्ये मात्र ती पुसली जाते, कारण पात दोन्हीकडे चालतो. अश्रुपात आपोआप होतो पण रक्तपात माणसंच करतात, आणि दोन्हीत पातच.

आणखी एक. आयुर्वेदात गर्भस्राव आणि गर्भपात असे दोन शब्द आहेत पण तो फरक महिन्यांचा आहे, हेतूचा नाही. चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर स्राव, पाचव्या-सहाव्यात पात, कारण तोवर शरीराला घट्टपणा आलेला असतो. तुमच्या बहिणीचं जे झालं त्याला जुन्या वैद्याने गर्भस्राव म्हटलं असतं.

गर्भ शब्दाचा गोतावळाही बघा, गाभा, गाभारा, गाभण, गाभुळलेली चिंच. देव जिथे बसतो त्या जागेला आपण गर्भागार म्हणतो, त्याचाच गाभारा झाला.

निवृत्त_सिस्टर :
मी तीस वर्षं लेबर रूमला काढली म्हणून दोन गोष्टी सांगते. पहिली, डॉक्टरी भाषेत अबॉर्शन हा शब्द दोन्हीला आहे. स्पॉन्टेनिअस अबॉर्शन, मिस्ड अबॉर्शन, थ्रेटन्ड अबॉर्शन, यात बाईने काहीही केलेलं नसतं. ठरवून करतात त्याला आम्ही एमटीपी, म्हणजे मेडिकल टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी, लिहितो. नातेवाइकांना हे समजावून सांगणं आमचं काम असतं आणि ते तिथे कुणी केलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, दोन मिनिटं लागली असती. बायका आपसात तर आणखी वेगळं बोलतात, क्युरेटिंग केलं, पिशवी साफ केली. बाळाचं नावच नाही, नुसती पिशवी.

दुसरी गोष्ट मात्र काळजीने सांगते. पत्रकात हत्या, खून असले शब्द घालू नका. शब्दाला घाबरून लपतछपत भलत्याच ठिकाणी गेलेल्या पोरी मी सेप्टिक होऊन आलेल्या बघितल्यात, त्यातल्या दोघी वाचल्या नाहीत. आम्हाला तर ट्रेनिंगमध्ये स्त्रीभ्रूणहत्या सुद्धा म्हणू नका, गर्भलिंगनिवड म्हणा असं सांगायचे.

नाशिकरोडकर :
सिस्टर, तुमचं पहिलं म्हणणं माझ्या बहिणीला वाचून दाखवणार आहे. दुसऱ्यावर मी रात्रभर विचार केला. त्या पोरींवर दगड मारायला मी पत्रक लिहीत नाहीये. आमच्या चर्चचा कायदा याबाबत कडक आहे हे खरं, पण पोप फ्रान्सिसनी २०१६ साली जगातल्या प्रत्येक धर्मगुरूला या पापाची क्षमा द्यायचा अधिकार कायमचा दिला, तो त्या बाईला दार उघडं राहावं म्हणूनच. बाईला खुनी म्हणणं मला नकोच आहे.

पण स्त्रीभ्रूणहत्या या शब्दावर मला थांबायचंय. हा शब्द आमच्यासारख्यांनी आणलेला नाही. एसटीच्या मागे, शाळेच्या भिंतीवर, झेडपीच्या बोर्डावर आपण सगळ्यांनी तो वाचलाय. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली, देशाचा कायदा १९९४ ला आला. २०१७ च्या मार्चमध्ये म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले तेव्हा अख्ख्या राज्याचा जीव कळवळला, कळ्या खुडल्या असं लोक बोलत होते, आणि प्रेग्नन्सी टर्मिनेट केली असं कुणाच्याही तोंडून निघालं नाही. तेव्हा ती मारलेली पोरं होती. आता त्या शब्दातला ‘स्त्री’ काढा. भ्रूणहत्या उरते. मग ती हत्या कुठे जाते? मुलगी आहे म्हणून पाडलं तर हत्या, आणि नोकरी नुकतीच लागली म्हणून पाडलं तर नुसती प्रोसिजर, तर पोटात जो आहे तो बदलला का? तो तर तेवढाच, तसाच. बदललं ते आपलं कारण.

गर्भपाताच्या कायद्याचं नावही बघा, ‘मेडिकल टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी’, १९७१ चा तो, १९७२ च्या १ एप्रिलपासून लागू, २०२१ च्या दुरुस्तीने काही बायकांसाठी मुदत २४ आठवड्यांवर गेली. त्यात संपवायची असते ती ‘प्रेग्नन्सी’, म्हणजे एक अवस्था. कुणीतरी संपतं हे त्या वाक्यात येतच नाही.

सुश्रुतप्रेमी :
भ्रूणहत्या शब्द जुनाच आहे हो, धर्मशास्त्रात महापातकांच्या ओळीत येतो. भ्रूण हा भृ धातूवरून, म्हणजे जे वाहून नेलं जातं, धारण केलं जातं ते. काही ग्रंथांत मात्र भ्रूण म्हणजे विद्वान ब्राह्मण असाही अर्थ आहे, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी गर्भच धरू नये.

तुमच्या बाजूने एक आणि विरुद्ध एक सांगतो. डोहाळे हा शब्द दौहृदशी जोडतात. सुश्रुत म्हणतो चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं आणि मग त्या बाईला दोन हृदयांची म्हणतात, तिला जे खावंसं वाटतं ती पोटातल्याची इच्छा. हे तुमच्या बाजूने. पण चौथा महिना, पहिला दिवस नव्हे, हे विरुद्ध.

नाशिकरोडकर :
काका, हा प्रश्न आमच्याकडेही शेकडो वर्षं होता. आत्मा कधी येतो यावर जुन्या पंडितांत मतभेद होते, अगदी संत थॉमस अक्वायनसही उशिरा येतो म्हणायचे. पण कितव्या दिवशीही पाडणं चुकीचंच हे पहिल्या शतकापासून ठरलेलं, आणि १८६९ मध्ये पोप नववे पायस यांनी शिक्षेतला तो आधी-नंतरचा फरकही काढून टाकला. माझ्यापुरतं सांगायचं तर दौहृद मला डोक्यात ठेवायचाय, पण आपल्या बायका चौथ्या महिन्याची वाट बघत नाहीत. पाळी चुकली, दिवस गेले कळलं की त्याच दिवशी सासू म्हणते जड उचलू नकोस, तू आता दोन जिवांची आहेस. दोन जिवांची! हा शब्द कुठल्या पोपने शिकवला नाही, मराठीने आपल्या आपण मोजून ठेवलाय.

शरणपूरची_लेक :
दादा, आम्ही प्रोटेस्टंट, पण लूकचं शुभवर्तमान तुमचं-आमचं एकच. लूकच्या पहिल्या अध्यायात मरीया आपली गरोदर नातलग अलीशिबा हिला भेटायला जाते तेव्हा अलीशिबेच्या उदरात ‘बालकाने’ उडी मारली असं आहे, आणि दुसऱ्या अध्यायात गव्हाणीत ठेवलेलं तेही ‘बालक’च. मूळ ग्रीकमध्येही दोन्ही ठिकाणी ब्रेफॉस हा एकच शब्द आहे. पोटातलं आणि गव्हाणीतलं यांत लूकने शब्दाचा फरक केलेला नाही, आणि तो वैद्य होता असं परंपरा सांगते.

नाशिकरोडकर :
ताई, हे फारच मोलाचं दिलंत! ‘नमो मारिया’ या प्रार्थनेत रोज ‘उदरीचं फळ’ म्हणतो पण हे लक्षात आलं नव्हतं.

आता दुसरा शब्द, अनबॉर्न. मी आधी ‘अजन्मा बाळ’ लिहिलं होतं.

सुश्रुतप्रेमी :
अजन्मा नको! ते देवाचं विशेषण, जो कधी जन्मतच नाही तो. हे बाळ तर जन्माच्या वाटेवर आहे. ‘अजात’ही अडखळतं, लोकांना जातीचं काहीतरी वाटेल.

निवृत्त_सिस्टर :
अर्भक पण नको. पेपरात अर्भक म्हटलं की उकिरड्यावर सापडलं एवढंच डोळ्यापुढे येतं. गर्भस्थ शिशू हा शासकीय पुस्तिकेतला.

सिन्नरचा_शेतकरी :
पोटातलं बाळ म्हणा ना सरळ. तुमच्या नाशिकरोडला फेब्रुवारीत यात्रा भरते तिला आम्ही सगळे बाळ येशूची यात्राच म्हणतो, अर्भक येशू कोण म्हणतं?

नाशिकरोडकर :
ठरलं, पोटातलं बाळ. आणि ठरवून केलेल्यासाठी नुसतं गर्भपात न लिहिता ‘घडवून आणलेला गर्भपात’. व्हॅटिकनच्या १९७४ च्या घोषणापत्राच्या नावातही अबॉर्शनच्या आधी घडवून आणलेला अशा अर्थाचा शब्द आहे, चर्चने तो जपून लावला आणि आपण मराठीत आणताना गाळतो. हत्या शब्द पत्रकात घालत नाही, सिस्टरचं ऐकतोय, मत मात्र माझं तेच आहे.

मसुदा असा : “पोटातल्या प्रत्येक बाळाचा जीव देवाने दिलेला आहे, पहिल्या क्षणापासून. ज्या आयांनी आपलं बाळ गमावलं त्यांच्यासाठी, ज्यांच्यावर बाळ पाडायची जबरदस्ती झाली त्यांच्यासाठी, ज्यांना आज पोटातल्या बाळाची भीती वाटतेय त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू. अशा कुणाला धान्य, खोली, दवाखान्याचे पैसे किंवा नुसती सोबत लागली तर आमच्यापैकी कुणाचंही दार वाजवा.” दार वाजवायची ओळ माझ्या बायकोची, ती म्हणाली हे नसेल तर मी पत्रक वाटणार नाही.

बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, दादा, ‘गमावलं’ काढ, गमावलं म्हटलं की माझ्या हातून सुटलं असं वाटतं. ‘ज्यांचं बाळ गेलं’ लिही.

तसं केलंय.