एडीएचडी खरंच मेंदूतलं आहे, की वर्गात वयाने लहान असल्याचा शिक्का?

अबोली
माझा मुलगा चौथीत आहे, येत्या डिसेंबरात नऊ पूर्ण होतील. दीड महिन्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जातं तो विकार) निदान केलं आणि घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणतात, शिस्त लावा. नवरा म्हणतो, सगळा गोळ्यांचा धंदा आहे.

मी रोज त्याच्या शेजारी बसते म्हणून सांगते. काल बेरीज होती, ५४ अधिक २८. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, मग पेन्सिलीला टोक करायला उठला, कचऱ्याच्या डब्यापाशी चिकटपट्टीचा तुकडा सापडला, तो बोटाला गुंडाळत बसला. हाक मारली तर दचकला. तोंडी विचारलं तर क्षणात ८२. मग रडायला लागला, "मी बसतो गं करायला, पण डोकं उठून जातं."

हे लाडामुळे होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००७ मध्ये एडीएचडी असलेली २२३ मुलं आणि तितकीच इतर मुलं यांच्या मेंदूच्या प्रतिमा ताडून पाहिल्या. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी इतर मुलांत साडेसात वर्षांच्या सुमारास पुरती वाढलेली असते, या मुलांत साडेदहाच्या. वाढीचा क्रम तोच, फक्त तीन वर्षं उशिरा. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो. एवढं असून लोक "असं काही नसतंच" कसं म्हणतात?

जुनी_पाटी
अबोली, मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. माझा मुद्दा तुझ्या पहिल्याच ओळीत आहे: डिसेंबर. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंतचं वय धरतात. म्हणजे तुझा मुलगा वर्गात सगळ्यांत लहान, जानेवारीतलं मूल त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठं.

२०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी चार लाखांवर मुलांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या. अमेरिकेतल्या ज्या राज्यांत प्रवेशाला १ सप्टेंबरची अट आहे, तिथे ऑगस्टात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यांत लहान असलेल्या दर १०,००० मुलांमागे ८५ जणांना हे निदान मिळालं होतं, सप्टेंबरात जन्मलेल्यांत ६४ जणांना. जिथे ती अट नाही तिथे हा फरकही नाही. त्या २१ मुलांच्या मेंदूत काय बिघडलं होतं, सांग बरं?

मी स्वतः कितीतरी पोरांना वांड ठरवून मागे बसवलं. निवृत्तीच्या वर्षी जुने हजेरीपट चाळताना त्यांच्या जन्मतारखा पाहिल्या आणि पोटात कालवलं. म्हणून म्हणते, नऊ वर्षांच्या पोराला गोळी देण्याआधी थांब.

निंबोणी
काकू, तुमचा पुरावा मान्य, निष्कर्ष नाही. २१ वजा केले तरी ६४ उरतात.

मी त्या उरलेल्यांतली. वर्गात वयाने मोठ्यांपैकी, जागेवरून कधी न उठणारी. नुसती खिडकीबाहेर बघत बसायचे. गप्प बसणाऱ्या मुलीचा कुणाला त्रास होत नाही, म्हणून तिला डॉक्टरकडे कुणी नेत नाही. निदान झालं ३७व्या वर्षी. तोवर दोन नोकऱ्या गेल्या होत्या आणि खात्यात पैसे असूनही बिल थकल्यामुळे घरची वीज कापली गेली होती. दारात उभं राहून वायरमनला काय सांगणार? विसरले म्हणून?

अशी औषधं काल-परवाची नाहीत. १९३७ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं, आणि जवळजवळ निम्म्या मुलांचा अभ्यास ठळकपणे सुधारला. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. आज माहीत आहे की मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीवर आता देतात ते औषध, मेंदूतलं निरोप पोचवणारं डोपामिन हे रसायन परत शोषलं जाण्याची वाट अडवतं. गोळी सुरू केली त्या आठवड्यात मी एक अहवाल एका बैठकीत पूर्ण केला. आयुष्यात पहिल्यांदा.

रानवारा
आधी साखर बंद करा. आमचा पुतण्या चॉकलेट खाल्लं की घर डोक्यावर घेतो.

तिरपी_रेघ
रानवारा, हे नेमकं तपासलेलं आहे. १९९४ च्या एका प्रयोगात सगळ्या मुलांना साखर नसलेलंच पेय दिलं होतं, पण निम्म्या आयांना सांगितलं की साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली, आणि त्या मुलांना जास्त टोकत राहिल्या.

अबोली, २००७ चा अभ्यास मोलाचा आहे, पण तो गटाच्या सरासरीबद्दल बोलतो. २०१७ मध्ये अनेक देशांतल्या १,७१३ एडीएचडी असलेल्या आणि १,५२९ इतर व्यक्तींच्या प्रतिमा एकत्र तपासल्या गेल्या. मेंदूच्या काही भागांच्या आकारात फरक मिळाले, पण इतके लहान की एका मुलाचा स्कॅन बघून कुणी निदान करू शकणार नाही. स्कॅन करून खात्रीशीर निदान देतो असं कुणी म्हणालं तर पैसे घालवू नकोस.

निदान होतं ते लक्षणांवर: नऊपैकी किमान सहा, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी, आणि वयाच्या मानाने जास्त. काकूंचा सगळा मुद्दा या "वयाच्या मानाने"मध्ये आहे. शिक्षक वर्गाच्या मानाने बघतात.

जुनी_पाटी
हे पटलं. पण औषधाचं नाही. अमेरिकेतच ५७९ मुलांचा मोठा अभ्यास झाला. १९९९ मध्ये निकाल आला की १४ महिन्यांनी काटेकोर औषधोपचाराची मुलं इतर उपचारांच्या मुलांपेक्षा पुढे. पण तिसऱ्या वर्षी गटांमध्ये फरक उरला नव्हता.

निंबोणी
कारण १४ महिन्यांनंतर ठरवून दिलेले उपचार संपले. मग कुणी औषध सोडलं, कुणी नव्याने धरलं, गट गट राहिलेच नाहीत. यातून औषध निकामी ठरत नाही. एकदा सुरू केलं म्हणजे काम झालं, असंही नाही, एवढं खरं.

अबोली
काकू, रागावू नका, तुमचं उत्तर वाचून आधी चिडले होते. आज बाईंना भेटले. वर्गात डिसेंबरात जन्मलेली आणखी दोन मुलं आहेत. डॉक्टरांचा फॉर्म त्या दोघांशी ताडून पुन्हा भरायची विनंती केली, त्या तयार झाल्या. तरीही तेच निघालं तर औषध सुरू करणार आहे, नवऱ्याशी बोलणं झालंय. निंबोणी, भूक मरते म्हणतात, तुला झालं का तसं?

निंबोणी
झालं. दुपारी जेवण नकोसं वाटायचं. सकाळी त्याला पोटभर खायला घाल आणि मग गोळी दे. डबा तसाच परत आला तर ओरडू नकोस. वजन दर महिन्याला लिहून ठेव आणि डॉक्टरांना दाखव.