'आल्लोत्तरेत'ला मराठीत काय म्हणावं: जलपऱ्या, सागरकन्या, की आणखी काही?

प्रश्न
आमच्या श्रवणमंडळात फिनिश संगीतकार यान सिबेलिउसची १९१४ सालची 'द ओशिअनिडीज' (फिनिशमध्ये 'आल्लोत्तरेत') ही वाद्यवृंदरचना ऐकवायची आहे. जेमतेम दहा मिनिटांची. टिपणात मी शीर्षक 'जलपऱ्या' केलं आणि खाली 'होमरच्या महाकाव्यांवर आधारित' असं लिहिलं. दोन्ही खटकतंय. 'सागरकन्या' चालेल का?

प्रतिसाद
खटकलं ते बरोबरच आहे. जलपरी म्हटलं की डोळ्यांपुढे माशाची शेपटीच येते, आणि इथे शेपटी कुठेच नाही.

आधी फिनिश नाव बघा : 'आल्लोत्तरेत'. 'आल्तो' म्हणजे लाट, 'तर' हा स्त्रीवाचक प्रत्यय आणि शेवटचा 'त' अनेकवचनाचा. 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यातली इल्मातर अशीच, 'इल्मा' म्हणजे हवा. त्यामुळे फिनिश माणसाला हे नाव घरचंच वाटणार. पण या कालेवालातल्या नव्हेत, होमरच्या पुराणविश्वातल्या, हे सिबेलिउसनेच स्पष्ट केलं होतं.

'सागरकन्या' म्हणजे आपल्याकडे लक्ष्मी, समुद्रमंथनातून आलेली. शिवाय ओशिअनिडीज म्हणजे ओकेअनोसच्या लेकी, आणि होमरचा ओकेअनोस हा सागर नव्हेच! ती पृथ्वीला वेढणारी नदी आहे. 'इलियड'च्या अठराव्या सर्गात अकिलीसची ढाल घडवली जाते, तेव्हा शहरं, शेतं, नाचणारी पोरं असं सगळं कोरून झाल्यावर अगदी कडेला हाच प्रवाह येतो. पुरुषरूपातली नदी, म्हणजे आपला 'नद', ब्रह्मपुत्रेसारखा.

'अप्सरा' हा शब्द सोडताना मला खरंच वाईट वाटतं. 'अप्' म्हणजे पाणी, पाण्यात संचार करणारी ती अप्सरा. व्युत्पत्ती इतकी नेमकी जुळते! पण आजच्या मराठीत अप्सरा इंद्राच्या दरबारात नाचते, तिला पाण्यात परत कोण नेणार?

मी 'तरंगिणी' सुचवेन. तरंग आणि पुढे स्त्रीवाचक प्रत्यय, फिनिश शब्दाची घडण जशीच्या तशी. कोशात अर्थ 'नदी' असा आहे, पण नदाच्या लेकींना तो अर्थ शोभतोच.

आता 'आधारित'. त्या शब्दाने कथानकाची अपेक्षा तयार होते, आणि या रचनेत ओडिसियस नाही, गलबत नाही, युद्ध नाही. सुरुवातीला टिंपनीची, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांची, दबकी घरघर, तंतुवाद्यांची थरथर, आणि त्यावरून दोन बासऱ्या जोडीने लगबगीने येतात, उन्हात पाण्याचा पृष्ठभाग चमचमावा तशा. मग पाणी हळूहळू भरत जातं आणि शेवटाकडे एक प्रचंड लाट फुटते. एवढंच घडतं. म्हणून 'होमरच्या काव्यविश्वावरून सुचलेली' असं लिहा. 'सुचलेली' हा साधा शब्द 'प्रेरित'पेक्षाही मला जवळचा वाटतो.

प्रश्नकर्ता
'तरंगिणी' फार आवडलं. पण अनेकवचन काय करू? 'तरंगिण्या' कानाला सहन होत नाही.

प्रतिसाद
रागिणी, भगिनी यांचं अनेकवचन बदलत नाही, तसंच हेही तरंगिणीच राहील.

आणखी एक प्रतिसाद
मग शीर्षकात ती एकटीच वाटेल की! सिबेलिउसने आधी जर्मनमध्ये योजलेल्या नावाचा अर्थ होता 'लाटांचं रोंदो' (रोंदो म्हणजे मुख्य धून पुन्हापुन्हा परतणारी रचना). लाट हा शब्द त्याने सुरुवातीपासून धरला होता. 'लाटांच्या लेकी' का नको?

प्रश्नकर्ता
मोठ्याने म्हणून पाहिलं. 'लाटांच्या लेकी' शीर्षकात, 'तरंगिणी' आतल्या मजकुरात.