मदत हवी आहे: पायथन शिकण्यासाठी फ्रीलान्स कामांची साइट बांधतोय, बोली मंजुरी आणि कमिशनच्या हिशेबात अडलंय

नमस्कार मंडळी,

पायथनचं लूप, डिक्शनरी, फंक्शन, क्लास इथपर्यंत झालंय. भाषा हातात बसावी म्हणून जँगोमध्ये (पायथनमध्ये वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क) फ्रीलान्स कामांची छोटी साइट बांधायला घेतलीय. क्लायंट काम टाकणार, फ्रीलान्सर बोली लावणार, क्लायंट त्यातली एक मंजूर करणार, पैसे टप्प्याटप्प्याने सुटणार आणि प्रत्येक टप्प्यावर साइटचं १२.५ टक्के कमिशन. डेटाबेस सध्या एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलीत राहणारा.

अडलंय ते असं:

१. दोन टॅब उघडून दोन वेगळ्या बोलींवर जवळजवळ एकदमच ‘मंजूर’ दाबलं, तर दोन्ही मंजूर होतात. ‘आधी मंजूर झालेली बोली आहे का’ ही तपासणी व्ह्यूमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये) आहे, तरीही.

२. ३३३ रुपयांच्या टप्प्यावर कमिशन ४१.६२ येतं. कागदावर ४१.६३ येतं. कमिशन फ्लोटमध्ये (दशांशाच्या साध्या आकड्यात) काढून राउंड केलंय.

३. एका पानावर २० कामं. जँगोचा डीबग टूलबार ४१ क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे ४१ फेऱ्या, दाखवतो.

शिवाय चॅट, रेटिंग, ईमेल सूचना, पेमेंट यांतलं आधी काय घ्यावं?

प्रतिसाद १

आधी क्रमाचं बघू. चॅट, रेटिंग, सूचना तिन्ही बाजूला ठेवा. एकच वाट शेवटपर्यंत न्या: काम टाकलं, बोली आली, मंजूर झाली, टप्पा सोपवला, पैसे सुटले. आणि उद्देश पायथन शिकणं हाच असेल, तर ही वाट आधी जँगोशिवाय लिहून काढा. एक साधी फाइल घ्या, त्यात ना ब्राउझर, ना डेटाबेस.

कामाच्या अवस्था ‘इनम’मध्ये (ठरलेल्या नावांच्या यादीत) मांडा: मसुदा, खुलं, दिलेलं, सोपवलेलं, पूर्ण, रद्द. मग एक डिक्शनरी, जिच्यात प्रत्येक अवस्थेसमोर पुढे जाता येईल अशा अवस्थांचा सेट. अवस्था बदलणारं फंक्शन एकच ठेवा. डिक्शनरीत नसलेली उडी मारली की त्याने तुमचं स्वतःचं एक्सेप्शन (एरर) फेकायचं. मग पायटेस्टमध्ये (चाचण्या चालवायचं साधन) चाचण्या लिहा: मसुद्यावरून थेट पूर्ण करता येऊ नये, रद्द झालेल्या कामावर बोली लागू नये. शे-दीडशे ओळींत इनम, सेट, डेटाक्लास, एक्सेप्शन आणि चाचण्या एवढं सगळं हाताखालून जातं. जँगोत थेट उडी घेतली तर यातलं बरंचसं फ्रेमवर्कच्या आड राहतं.

याच फाइलीत एक खड्डा हमखास भेटतो. फंक्शनच्या पॅरामीटरला रिकामी लिस्ट डीफॉल्ट म्हणून दिली, तर ती फंक्शनची व्याख्या वाचली जाताना एकदाच तयार होते आणि पुढच्या सगळ्या कॉलना तीच मिळते. मग एका फ्रीलान्सरची कौशल्यं दुसऱ्याच्या खात्यात दिसायला लागतात. डीफॉल्ट ‘नन’ द्या आणि आत नवी लिस्ट बनवा. डेटाक्लासमध्ये (माहिती ठेवायचा आटोपशीर क्लास) ‘डीफॉल्ट फॅक्टरी’ वापरा. तिथे नुसती रिकामी लिस्ट दिली तर पायथन स्वतःच एरर देतो.

जँगोत परत आलात की पहिल्या मायग्रेशनच्या (मॉडेलवरून डेटाबेसची टेबलं बनवण्याच्या) आधी स्वतःचं यूजर मॉडेल जोडा. नंतर बदलायला गेलात तर सगळ्या फॉरेन की (एका टेबलमधून दुसऱ्याकडे जाणारे दुवे) जुन्या टेबलकडे बोट दाखवत राहतात आणि हाताने निस्तरावं लागतं. अजून खरा डेटा नसेल, तर डेटाबेसची फाइल आणि मायग्रेशनच्या फाइली उडवून नव्याने सुरुवात करणं सगळ्यात स्वस्त. आणि क्लायंट, फ्रीलान्सर असे दोन वेगळे यूजर प्रकार करू नका. आज काम देणारा उद्या काम घेणारा असू शकतो. यूजर एक, प्रोफाइल दोन.

प्रतिसाद २

पैशांचं सांगतो, कारण इथे नुसता राउंडिंगचा प्रश्न नाही.

३३३ चे १२.५ टक्के म्हणजे बरोबर ४१.६२५. पायथनचा ‘राउंड’ असा नेमका मधोमध आलेला आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतो, म्हणून ४१.६२. शाळेत शिकवलेली रीत वर नेते, म्हणून ४१.६३. दोन्ही रीती मान्य आहेत, पण साइटने एकच धरायला हवी आणि ती कोडमध्ये स्पष्ट लिहिलेली हवी. फ्लोटऐवजी अचूक दशांशाचा ‘डेसिमल’ वापरा, राउंड करणाऱ्या ‘क्वांटाइझ’ला ‘राउंड हाफ अप’ (मधोमध आलं की वर) सांगा. तिथेही काही सांगितलं नाही तर तो सम अंकाकडेच जातो. डेसिमल बनवताना आकडा अवतरणात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून द्या. ०.१ हा फ्लोट दिलात तर फ्लोटमधली चूक तशीच आत येते.

आता खरी मेख. कमिशन ४१.६३ काढलं आणि फ्रीलान्सरचा वाटा वेगळा, ८७.५ टक्क्यांनी काढला, तर तो २९१.३७५ म्हणजे २९१.३८. बेरीज करा: ३३३.०१. क्लायंटने ३३३ दिले, तुम्ही एक पैसा हवेतून काढलात. म्हणून कमिशन एकदाच काढायचं आणि फ्रीलान्सरला एकूण वजा कमिशन द्यायचं, २९१.३७. टप्प्यांचंही तसंच. १०,००० चे तीन सारखे भाग केले तर ३,३३३.३३ तीनदा, म्हणजे ९,९९९.९९. शेवटच्या टप्प्याला उरलेलं सगळं द्या, ३,३३३.३४.

डेटाबेसमध्ये रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवलीत तर आणखी सुटसुटीत. ऑनलाइन पेमेंट घेणारी रेझरपेसुद्धा रक्कम पैशांतच घेते: ३३३ रुपये म्हणजे ३३३००. आणि ‘शिल्लक’ असा एकच कॉलम ठेवून तो वर-खाली करू नका. प्रत्येक देवघेवीची वेगळी नोंद ठेवा आणि शिल्लक बेरजेतून काढा. आकडा चुकला तर कुठे चुकला हे नोंदी सांगतात, कॉलम सांगत नाही.

प्रतिसाद ३

दोन मंजुऱ्यांचं कारण: दोन्ही रिक्वेस्ट आधी वाचतात, दोघींनाही ‘मंजूर बोली नाही’ असंच दिसतं, मग दोघी लिहितात. तपासणी आणि लिहिणं यांच्यामध्ये फट आहे.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला डेटाबेसचा नियम: बोलीच्या मॉडेलवर ‘यूनिक कन्स्ट्रेंट’ (तीच नोंद दुसऱ्यांदा बसू न देणारा नियम), फील्ड ‘काम’, अट ‘अवस्था मंजूर असेल तेव्हा’. मग कोड कितीही चुकला तरी एका कामाला दुसरी मंजूर बोली बसतच नाही. दुसरा: ‘ॲटॉमिक’ ब्लॉकमध्ये (आतलं सगळं एकत्र होतं किंवा काहीच होत नाही, अशी एक ट्रान्झॅक्शन) ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने कुलूप लावा, म्हणजे दुसरी रिक्वेस्ट थांबून राहते. कुलूप कामाच्या ओळीला लावायचं, बोलीच्या नाही. दोन टॅबमधल्या बोली वेगळ्या आहेत. प्रत्येकीने आपापल्या बोलीला कुलूप लावलं तर कोणीच कोणाला अडवत नाही. नियम मोडला की येणारा ‘इंटेग्रिटी एरर’ ॲटॉमिक ब्लॉकच्या बाहेर पकडा. आत पकडून पुढे क्वेरी चालवली की ती ट्रान्झॅक्शन मोडलेली असते.

४१ क्वेरी: यादीची १, प्रत्येक कामाच्या क्लायंटच्या नावासाठी २०, बोलींच्या संख्येसाठी २०. नावासाठी ‘सिलेक्ट रिलेटेड’, संख्येसाठी ‘ॲनोटेट’मध्ये ‘काउंट’ वापरा, म्हणजे सगळं पहिल्याच क्वेरीत येतं. पुढे याच क्वेरीत कौशल्यांचाही काउंट जोडलात, तर ४ बोली आणि ३ कौशल्यांच्या कामाला दोन्हीकडे १२ दिसतील, कारण टेबलं जोडताना (जॉइनमध्ये) ओळींचा गुणाकार होतो. दोन्ही काउंटना ‘डिस्टिंक्ट’ लावा.

एक न विचारलेलं: काम दुरुस्त करण्याच्या पत्त्यातला क्रमांक बदलून दुसऱ्याचं काम उघडतंय का, ते आजच बघा. ऑब्जेक्ट शोधतानाच ‘क्लायंट म्हणजे सध्याचा यूजर’ ही अट घाला. बटण लपवणं म्हणजे परवानगी तपासणं नव्हे.

धागाकर्ता

आभार. राउंडिंग आणि क्वेरी मार्गी लागल्या, ४१ वरून १ वर आलं. कन्स्ट्रेंट अजून लावला नाही, आधी नुसतं सिलेक्ट फॉर अपडेट करून पाहिलं. एरर नाही, पण फरकही नाही. दुसरं म्हणजे, कामाचं शीर्षक मराठीत टाकलं की स्लग (शीर्षकावरून बनणारा पत्त्यातला भाग) रिकामा होतो आणि दुसऱ्या मराठी कामाला ‘यूनिक’चा एरर येतो.

प्रतिसाद ३

एसक्यूलाइटवर जँगो सिलेक्ट फॉर अपडेट मुकाट्याने सोडून देतो, म्हणून एरर नाही आणि कुलूपही नाही. पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसवर या. कन्स्ट्रेंट मात्र एसक्यूलाइटवरही चालतो, तो आधी लावा.

स्लग बनवणारा जँगोचा ‘स्लगीफाय’ डीफॉल्टने अक्षरांपैकी फक्त रोमन ठेवतो. ‘अलाउ युनिकोड’ चालू केलंत तरी काम होत नाही: पायथनच्या रेगेक्सला (मजकुरातले नमुने शोधायची सोय) काना-मात्रा-वेलांट्या ‘अक्षर’ वाटत नाहीत, त्यामुळे ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं. पत्त्यात कामाचा क्रमांक वापरा आणि शीर्षक पानावर जसंच्या तसं दाखवा.

प्रतिसाद २

पेमेंटकडे वळाल तेव्हा सगळं टेस्ट मोडमध्येच करा. वेबहुकची (पेमेंट सेवा तुमच्या साइटला आपणहून पाठवते तो निरोप) सही कच्च्या बॉडीवर, म्हणजे आला तसाच्या तसा मजकूर घेऊन, तपासा. जेसन वाचून पुन्हा लिहिलंत तर एखादी स्पेस बदलते आणि सही जुळत नाही. तोच इव्हेंट दोनदा येऊ शकतो, म्हणून इव्हेंटचा आयडी यूनिक कॉलममध्ये ठेवा आणि आधी येऊन गेला असेल तर काहीही न करता २०० (‘मिळालं’ असा कोड) परत द्या.

आणि साइट लोकांसाठी खुली करायचा विचार आला, तर क्लायंटचे पैसे स्वतःच्या खात्यात धरून ठेवू नका. पेमेंट ॲग्रिगेटरसाठी, म्हणजे लोकांचे पैसे गोळा करून दुसऱ्यांना पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. बिगर-बँक कंपनीला परवानगी लागते, अर्ज करतानाच १५ कोटींची नेटवर्थ लागते आणि पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात (दुसऱ्याचे पैसे वेगळे ठेवायचं खातं) ठेवावे लागतात. परवाना असलेल्या ॲग्रिगेटरची पैसे वाटून देणारी सेवा वापरा. तुमच्या डेटाबेसमध्ये फक्त कोणाला किती आणि कधी, याच्या नोंदी राहू द्या.