फोन बघून मन कळतं म्हणे!

भिंतीवरची पाल: "पुढच्या साथीत लोक गूगलवर काय शोधतात, फोन किती वाजेपर्यंत चालतो, हेल्पलाइनला किती कॉल येतात, यावरून सरकारनं समाजाच्या मनाची नाडी रोज तपासावी." सांख्यिकीरावांचा हा कालचा सल्ला वाचून डोक्यात तिडीक गेली, म्हणून वेगळा धागा. २०२०त आमच्या डोंबिवलीच्या दीड खोलीत पाच माणसं नि एक स्मार्टफोन. सकाळी लेकीची शाळा, दुपारी सासूबाईंचं कीर्तन, रात्री नवऱ्याचं 'हप्ता थकला तर काय होतं' आणि पहाटे दोनपर्यंत मुलाचा लुडो. आता सांगा, यातलं नैराश्य कोणाच्या नावावर टाकणार?

सांख्यिकीराव: ताई, तुमच्या घरात डोकावायचंय कोणाला? लाखोंचा कल बघायचा असतो. 'नेचर'मध्ये २०२१ साली १९ देशांतल्या ८० लाख हेल्पलाइन कॉलचा अभ्यास आला. साथीच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास कॉल ३५ टक्क्यांनी वाढलेले, तेही मुख्यतः भीती नि एकटेपणाचे. घरोघर जाऊन विचारायला तेव्हा बाहेर पडायची सोय तरी होती का?

खवचट खंडू: गूगलवरच्या शोधांवरून फ्लूची साथ ओळखणारं गूगल फ्लू ट्रेंड्स आठवतंय का, राव? २००८ला गाजावाजा, २०१२-१३च्या हंगामात फ्लूचा अंदाज दुपटीहून जास्त फुगला, २०१५ला गाशा गुंडाळला. आणि ताप मोजायला निदान थर्मामीटर आहे!

सेतूग्रस्त: मला आरोग्य सेतूच आठवतं. 'ऐच्छिक' होतं म्हणे! आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन हिरवं दिसल्याशिवाय दूधवाल्यालाही सोडत नव्हता. उद्या 'उदास' असा लाल ठिपका दिसला की भाड्यानं घर मिळणार नाही. अमेरिकेतल्या क्रायसिस टेक्स्ट लाइनचं, म्हणजे मेसेजवर चालणाऱ्या हेल्पलाइनचं, २०२२त काय झालं? आत्महत्येच्या उंबरठ्यावरून केलेले मेसेज, नावं काढून का होईना, कंपनीला पुरवले. बोंब झाल्यावर थांबवले.

रात्रपाळी: मी लॉकडाऊनमध्ये एका हेल्पलाइनवर बसायचो. पहिले दोन आठवडे निम्मे कॉल रेशन नि गावी जायच्या पासचे. मग सुरू झाले 'हात थरथरतात, झोप नाही' वाले. दारू बंद झाली होती ना. आमच्या वहीत ते 'चिंता' या रकान्यात गेले, कारण दुसरा रकानाच नव्हता.

खवचट खंडू: आता बेवड्यांचाही कैवार! ४ मेला दुकानं उघडल्यावर दोन-दोन किलोमीटर रांगा लावणारे हेच ना?

सेतूग्रस्त: आणि महसुलासाठी दुकानं उघडणारं सरकार? त्याच्यावर बोला की.

कोकणातली: खंडू, तोंड सांभाळा. माझे काका त्या रांगेपर्यंत पोचलेच नाहीत. मार्चअखेर दारू तुटली. चौथ्या दिवशी भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागले. भिंत स्वच्छ पांढरी, गणपतीला रंगवलेली. तालुक्याला न्यायला निघालो तर नाक्यावर पास मागितला. दोन तास गेले. सहाव्या दिवशी काका गेले. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. राव, कुठल्या आलेखात बसवता त्यांना?

खवचट खंडू: चुकलं माझं. शब्द मागे घेतो.

सांख्यिकीराव: वाईट वाटलं, खरंच. पण राग मानू नका, घरात कोणीतरी शोधलंच असेल ना, दारू तुटल्यावर भास होतात का म्हणून?

कोकणातली: शोधलं. मीच. रात्री अडीचला. वर आला तो लिंबू-मधाचा काढा.

सांख्यिकीराव: मी हेच म्हणतोय! असे शोध जिल्ह्यात अचानक वाढलेले दिसले असते तर...

कोकणातली: दिसले असते, मान्य. तुमचा विजय असो. पण नाक्यावरच्या माणसाला ते कोण सांगणार होतं?

रात्रपाळी: आणि आम्हालाही. आमची वही कोणी मागायला आलं नाही. अजून माझ्याच कपाटात आहे.

भिंतीवरची पाल: जपून ठेवा. राव मागतील.