मदत हवी आहे: ४-३-३ मध्ये दोन्ही फुलबॅक वर गेले की मागची जागा सांभाळायची कोणी?

नमस्कार मंडळी,

मी सतरा वर्षांखालील मुलांच्या संघाला फुटबॉल शिकवतो. आम्ही ४-३-३ (मागे चार, मधे तीन, पुढे तीन) खेळतो, आणि खेळायचं ते आक्रमकच, हे मुलांचं आणि माझं पक्कं ठरलेलं आहे. गोल होतात, त्याची चिंता नाही. चिंता आहे ती चेंडू गेल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांची.

चेंडू आमच्याकडे असताना दोन्ही विंगर (कडेचे आक्रमक) आत सरकतात आणि मोकळ्या झालेल्या कडांवरून फुलबॅक (कडेचे बचावपटू) वर चढतात. मधल्या तिघांपैकी दोघे पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी असतात. मागे उरतात दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) आणि त्यांच्यापुढे एकटा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर (मधल्या फळीतला, बचाव सांभाळणारा). समोरच्यांनी चेंडू हिसकावला की त्यांचा पहिलाच लांब पास आमच्या फुलबॅकच्या मागे पडतो. सेंटर-बॅक तिकडे धावला तर मधे भगदाड पडतं, नाही धावला तर त्यांचा विंगर थेट गोलरक्षकासमोर. उजवी बाजू जास्त उघडी पडते, कारण उजवा फुलबॅक आमच्यात सगळ्यात चांगले क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेले पास) देतो. त्याला मागे बांधून ठेवायला माझं मन घेत नाही.

मोठ्या संघांनी काय केलं ते पाहिलं. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझील ४-२-४ खेळलं, तेव्हा डाव्या कडेचा झागालो मागे येऊन मधल्या फळीला हात द्यायचा; १९६२ पर्यंत त्याचंच सरळ ४-३-३ झालं. प्रशिक्षक क्लॉपच्या लिव्हरपूलमध्ये अलेक्झांडर-आर्नल्ड आणि रॉबर्टसन हे दोन्ही फुलबॅक वर जायचे, पण फाबिन्यो, हेंडरसन, वाइनाल्डमसारखे राबणारे मिडफिल्डर त्यांची जागा झाकायचे. मँचेस्टर सिटीने २०२२-२३ च्या हंगामात जॉन स्टोन्सला बचावफळीतून पुढे आणून रॉड्रीच्या शेजारी उभं केलं, म्हणजे मागे तीन आणि त्यांच्यापुढे दोन. हे तिसरं मला सर्वात पटतं, पण माझ्या सेंटर-बॅकना गर्दीत पाठीवर माणूस घेऊन चेंडू खेळवणं अजून जमत नाही.

तर रचना बदलावी, की माणसं तीच ठेवून कामं बदलावीत? आणि चेंडू गेल्याक्षणी तिथेच तुटून पडायचं की मागे पळायचं, हे मुलांना कसं समजावता? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

रचना बदलू नका. उजवा फुलबॅक जाऊ दे वर, डाव्याला मात्र दोन सेंटर-बॅकच्या ओळीत आत घ्या. मधल्या तिघांपैकी एकाला डिफेन्सिव्ह मिडफिल्डरच्या शेजारी थांबवा. झालं की तुमचं तीन-दोन, आणि सेंटर-बॅकला काही नवीन शिकावं लागत नाही. डावा फुलबॅक वर येणार नसल्यामुळे डाव्या विंगरने मात्र कड सोडायची नाही. प्रत्येक कडेला एक माणूस हवा. दोघे नकोत आणि रिकामीही नको. मागे किती ठेवायचे ते त्यांनी पुढे किती ठेवलेत त्यावर ठरवा, त्यांच्यापेक्षा एक जास्त.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. तुटून पडण्याबद्दल सांगतो. चेंडूच्या जवळचा मुलगा चेंडूवर जातो, बाकीचे आजूबाजूचे पुढे जाणारे पास अडवतात. हे सगळ्यांनी एकाच वेळी केलं तरच उपयोग. त्यातूनही पास सुटला तर कोणी चेंडूमागे पळायचं नाही, सगळ्यांनी आधी मैदानाच्या मध्याकडे परतायचं. सरावात आक्रमण चालू असतानाच शिट्टी वाजवा, दुसरा चेंडू बचाव करणाऱ्यांना द्या आणि त्यांना मध्यरेषा ओलांडायला सांगा. मुलांना तोंडी समजावण्यापेक्षा हे लवकर भिनतं.

आणखी एक. तुमचे सेंटर-बॅक मध्यरेषेच्या पुढे उभे राहतात का? स्वतःच्या अर्ध्या मैदानात असलेला खेळाडू ऑफसाइड (पास निघताना समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे असणं) ठरत नाही, त्यामुळे त्यांचा विंगर तिथूनच धाव सुरू करत असेल तर तुमची ऑफसाइडची रेषा कुचकामी आहे. अशा वेळी सेंटर-बॅकने पास निघण्याआधीच दोन-चार पावलं मागे सरकावं आणि गोलरक्षकाने पुढे यावं. कडेला ओढला गेलेला सेंटर-बॅक लगेच टॅकल करत असेल तर तेही थांबवा. विंगरला बाहेरच्या बाजूला ढकलत वेळ काढायचा, तेवढ्यात मिडफिल्डर पोहोचतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ऑफसाइडचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आमचे सेंटर-बॅक हमखास मध्यरेषेच्या पुढे असतात. डाव्या फुलबॅकला आत घेण्याचं उद्याच करून बघतो. एकच अडचण: माझा डावा विंगर उजव्या पायाचा आहे, आत वळून शॉट मारणं हीच त्याची ताकद. त्याला कडेला उभं ठेवलं तरी चेंडू मिळाल्यावर आत वळू द्यावं का? आणि तो वळला की रिकाम्या झालेल्या कडेवर डाव्या मिडफिल्डरने धावावं, की त्याला तुमच्या त्या दोघांतच राहू द्यावं?