भिंतीवर कोणी काढलं ते दिसतंय, पुसणार कोण?

तिसरा_मजला

मोठी सहा वर्षांची, धाकटा साडेतीनचा. दोघांचे हात सतत कशात तरी. या घडीला दिवाणावरच्या तक्क्यांचं धरण झालंय, कुकरच्या डब्यात शाडू भिजतेय, आणि मिक्सरचा खोका तीन आठवडे 'दवाखाना' असल्यामुळे रद्दीत देता येत नाही. मागच्या महिन्यात धाकट्याने हॉलच्या भिंतीवर तेलखडूने माणूस काढला. मोठं गोल डोकं, आणि डोक्यालाच पाय, थेट जमिनीपर्यंत. "हा बाबा." बाबाने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, 'आमचा चित्रकार'. एकोणीस बदाम आले. रात्री भिंत मी घासली.

माझं म्हणणं एवढंच की ज्या घरात आवरणारं माणूस एकच असतं, तिथे 'मुलांना मोकळं सोडा' हे सांगणारे त्या एका माणसाचा वेळ परस्पर वाटून टाकत असतात. म्हणून मी नियम केलाय. भिंत बंद, माती फक्त रविवारी, तीही बाबा घरी असताना. साबा (सासूबाई) म्हणतात मी मुलांचे हात बांधतेय. नवरा म्हणतो, भिंतीचं काय एवढं, घर सोडताना रंग मारून देऊ. (भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट माझ्या खात्यातून गेलेलं.)

मी खडूस आहे का?

गेरू_चुना

आहात. रागावू नका, विचारलंत म्हणून सांगतेय.

डोक्यालाच पाय फुटलेला माणूस तीन-चार वर्षांची मुलं जगभर काढतात. पुढे धड येतं, मान येते, आणि तो माणूस कायमचा जातो. माझ्या लेकाचा एकही माझ्याकडे नाही, कारण मीही तुमच्यासारखीच घासत बसले होते. शिवाय उभ्या भिंतीवर मूल खांद्यापासून हात फिरवतं. टेबलावरच्या चिटोऱ्यावर नुसतं मनगट हलतं. आपल्याकडे चित्राची पहिली जागा भिंतच होती की. वारली आदिवासी लग्नाचा चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लग्नघराच्या भिंतीवरच लिहितात, तांदळाच्या पिठाने. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं कागदावर आणली, २०११ साली पद्मश्री मिळाली, ते सगळं नंतरचं.

तिसरा_मजला

@गेरू_चुना, ती भिंत शेणामातीची. पुन्हा सारवली की कोरी. माझी ऑइल पेंटची आहे. आणि ती सारवतं कोण, तेही लिहा ना.

दोन_फ्लॅट_भाड्याने

मालकाच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं. तेलखडूत मेण असतं. त्यावर नुसता रंग मारला तर तो धरत नाही आणि डाग पुन्हा वर येतो. खरवडा, लांबी (पुट्टी) भरा, प्रायमर मारा, मग दोन हात रंग. तेवढाच तुकडा रंगवला तर शेजारच्या जुन्या रंगात ठिगळ दिसतं, म्हणजे अख्खी भिंत आली. मागच्या भाडेकरूंच्या डिपॉझिटमधून मी पैसे कापले, मला वाईट वाटलेलं नाही. मुलगी गोड होती, चित्रंही बरी होती.

स्वतःच्या घरी मात्र नातवाला आतल्या खोलीचं दार दिलंय. सनमायका आहे, पाटीवरचा खडू ओल्या फडक्याने जातो. ढोंगी म्हणा हवं तर.

वन_रूम_किचन

हे सगळे ऐसपैस घरांचे चोचले. आमच्याकडे मुलगा जिथे रंगवतो तिथेच रात्री गाद्या पडतात. धरण, दवाखाना वगैरे उभं ठेवायचं तर माणसांनी कुठे झोपायचं? साडेआठला सगळं खाटेखाली, हा नियम तो दोन वर्षांचा असल्यापासून आहे. त्याने काही बिघडलेलं दिसत नाही. उलट आता तो खाटेखाली मावेल असंच बनवतो. काडेपेटीचं अख्खं रेल्वे स्टेशन आहे, पादचारी पुलासकट.

आणि 'क्रिएटिव्ह' हा शब्द जरा जपून वापरूया. सगळीच मुलं चिखलात हात घालतात. आपल्याच घालतात असं वाटायला लागलं की पुढे क्लास लागतो.

गेरू_चुना

@वन_रूम_किचन, क्लासबद्दल सहमत, बाकी नाही. मुळात हा सगळा चिखल घरात आला कुठून? आमच्या लहानपणी दिवाळीत किल्ला अंगणात व्हायचा. चार घरची पोरं, दगड-विटा, वर जुनं पोतं, त्यावर मातीचा राडा, हळीव पेरायचे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवं दिसायला लागलं की मावळे मांडायचे. आईला फक्त कपडे दिसायचे, तेही दिव्याच्या उजेडात. आज आमच्या सोसायटीत नोटीस लागते, 'पार्किंगमध्ये माती आणू नये, फरशीला डाग पडतात'. मग काही जण प्लॅस्टरचा तयार किल्ला आणतात आणि उरलेले बाल्कनीत वर्तमानपत्र पसरतात. अंगणाने जे झेललं असतं ते आता हॉलने झेलायचं. भांडायचं तर सोसायटीच्या कमिटीशी भांडा, साडेतीन वर्षांच्या मुलाशी काय?

तिसरा_मजला

हे पटलं. कमिटीत मी नाही, नवरा आहे. आमच्याकडच्या तशाच नोटिशीवर त्याची सही आहे.

बालवाडीची_ताई

बावीस वर्षं बालवाडीत काढलीत, म्हणून थोडं मोठं लिहिते.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. विकत आणलेल्या साधनांचं त्यांच्याकडे अडलं नाही. बिया, शंख-शिंपले, पानं, खडे यांवर त्यांनी मुलं शिकवली. हे इथे सांगायचं कारण, अशा वस्तूंचा पसारा झाला तरी तो टोपलीत भरता येतो. तेलखडू तीन वर्षांच्या हातात देऊच नका. गेरूचं पाणी आणि जुना ब्रश द्या, फरशीवर काढू दे, वाळलं की पुसता येतं. कणकेत मीठ आणि तेल घालून मळलं तर मातीचं कामही भागतं. मात्र चिकटवायला घरची खळ वापराल तर खोके घरात साठवू नका, झुरळं येतात.

दुसरं, आवरण्याबद्दल. आमच्याकडे वस्तू जागेवर गेल्याशिवाय खेळ संपत नाही. साडेतीन वर्षांचं मूल फडकं पिळतं. नीट नाही पिळत. फरशी आधीपेक्षा ओली होते, आणि पहिला महिनाभर तुमचं काम दुप्पट होतं. ते कोणी सांगत नाही, म्हणून बरेच पालक आठव्या दिवशी सोडून देतात.

सोमवारचा_बाबा

फोटो टाकणाऱ्या बाबाची बाजू कोणीच घेत नाहीये. आमच्याकडे पसारा मी आवरतो. मग बायको येऊन तोच पुन्हा आवरते, ठोकळ्यांच्या डब्यात रंग का गेले म्हणून. दोन-तीनदा असं झालं की माणूस फोटो काढण्यापुरताच उरतो.

वन_रूम_किचन

@सोमवारचा_बाबा, ठोकळ्यांच्या डब्यात रंग का गेले?

सोमवारचा_बाबा

डबा समोर होता.

तिसरा_मजला

@सोमवारचा_बाबा, तोच पुन्हा आवरणारी मीही आहे, मान्य. पण एकोणीस बदामांपैकी एकानेही 'भिंत कोणी पुसली' विचारलं नाही, तेवढं मला सलतं. साबांनीही नाही. आणि त्यांच्या घरी मुलांनी भिंतीला बोट लावलेलं चालत नसे, हे नवराच सांगतो.

बाकी, दाराची कल्पना घेतली. बेडरूमच्या दाराला सनमायका आहे. कालपासून खडू आणि दोन ओली फडकी तिथेच ठेवलीत, काढेल त्याने पुसायचं. मोठीने नियम लगेच धाकट्याला समजावला आणि त्याच्याकडून स्वतःचंही पुसून घेतलं. भिंतीवरच्या बाबाचे पाय अजून पुसट दिसतात. ते आता घासणार नाहीये, बाकीचं डिपॉझिटच्या दिवशी बघू.

एक मदत हवीय. रविवारची माती नवऱ्याने आवरली. खरंच आवरली, डबे घासून पालथे घातले. पण शाडूचं पाणी बेसिनमध्ये ओतलं. कालपासून बेसिन तुंबलंय. कोथरूडमधला चांगला प्लंबर कोणाला माहीत आहे का?

बालवाडीची_ताई

अगं, शाडूचं पाणी बादलीत बसू द्यायचं. वरचं नितळ पाणी ओतायचं, खालचा गाळ कुंडीत. प्लंबर येईपर्यंत खालचा ट्रॅप उघडून बघ, बहुतेक तिथेच साकळलं असेल.

दोन_फ्लॅट_भाड्याने

ड्रेनेज तुंबलं तर खर्च भाडेकरूचा, बरं का. करारात बघून घ्या.